वरचा डावा कोपरा

माझी मावशी छतं रंगवायची. तशी भिंतीही रंगवायची, दारं-खिडक्याही करायची, पण तिचं नाव झालं ते छतांमुळे. आमच्या भागातले गवंडी, सुतार, नळवाले तिला छतमावशी म्हणायचे, आणि मागून नाही, तोंडावर म्हणायचे. तिला ते आवडायचं.

रंगकाम मुळात काकांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. पण काकांना उंचीचं भय होतं. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्यांच्या पोटऱ्या लटपटायला लागत. लग्नाआधी त्यांनी छतापुरता कोणीतरी मजूर धरून वेळ मारून नेली. मग एकदा मजूर आलाच नाही, आणि काकांचा डबा घेऊन आलेली मावशी बाह्या मागे सारून घोड्यावर चढली. घोडा म्हणजे दोन तिकाट्यांवर टाकलेली फळी. छताचं काम तिच्यावर उभं राहून करायचं. "चढली ती चढलीच," काका सांगायचे. "मी अजून खालून डबा देतोय."

माझी आई गेल्यावर मी मावशीकडे राहायला आले आणि होता होता तिच्याच कामात शिरले. भिंतीतले खड्डे लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवायचे, वाळल्यावर पॉलिश पेपर मारायचा, हे माझं काम. भिंती काकांच्या. वर मावशी. मान मागे टाकून, डोक्याला फडकं बांधून, तोंडाने काहीतरी गुणगुणत ती रोलर फिरवायची. छताला रंग लावणं लोकांना वाटतं तेवढं सोपं नसतं. खिडकीतून तिरपा उजेड आला की रोलरची एकेक रेघ उघडी पडते. मावशीच्या छतावर रेघ सापडायची नाही. ती म्हणायची, "भिंतीपुढे लोक कपाटं लावून मोकळे होतात. छत बिचाऱ्याला लपायला जागा नाही."

ती पन्नाशीला टेकली तेव्हाची गोष्ट. एका दातांच्या डॉक्टरांचा नवा दवाखाना रंगवायला घेतला होता. मावशी खुशीत होती. "इथं छतच मुख्य," ती म्हणाली. "सगळे आ वासून तिकडेच बघणार." दुपारी मी पायथ्याशी घासकाम करत होते, तर वरून तिचा आवाज आला, "वर डावीकडे कोणी रंगीत दिवे लावलेत का गं?"

मी बघितलं. तिथं नुसतं ओलं छत होतं.

तसे दिवे तिला अधूनमधून दिसत होते, हे मला माहीत होतं. मिनिटभर लुकलुकायचे आणि जायचे. चुन्याची धूळ, चष्म्याचा नंबर, उपाशीपोटी काम, असं काहीतरी कारण ती स्वतःच काढायची. त्या दिवशी मात्र ते गेले नाहीत. ती सावकाश खाली उतरली. ब्रश डब्याच्या तोंडावर आडवा ठेवला. "मी जरा बसते," म्हणाली आणि जमिनीवर बसली. मग तिची मान डावीकडे वळायला लागली, कोणी हाक मारावी तशी. डोळेही तिकडेच. मी "मावशी" म्हणेपर्यंत ती आडवी झाली होती आणि तिचं सगळं अंग झटके देत होतं. काका तिचं डोकं मांडीवर धरून बसले. ती उंचावरून पडली असती तर काय, हा विचार मला फार नंतर आला. तिला मात्र तेवढ्या गोंधळातही खाली उतरायचं सुचलं होतं.

मोठ्या इस्पितळात तिच्या मेंदूचे फोटो काढले. ते बघणाऱ्या डॉक्टरीणबाई वयाने मावशीएवढ्याच होत्या. घाई नाही, आवाज चढा नाही. त्यांनी कागदावर रेघा काढून समजावलं. हृदयाकडून रक्त जोरात येतं. वाटेत केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं, तिथं त्याचा जोर मोडतो, आणि मग ते नाजूक नळ्यांमधून सावकाश परत जातं. मावशीच्या मेंदूत, मागच्या बाजूला उजवीकडे, एका जागी ते मधलं जाळं तयारच झालं नव्हतं. जोराच्या नळ्या थेट नाजूक नळ्यांना जाऊन भिडल्या होत्या आणि त्यांचा लिंबाएवढाही नाही, पण सुपारीहून मोठा गुंता झाला होता.

"हे कधी झालं?" मावशीने विचारलं.

"बहुधा तुमच्या जन्माच्या आधीच."

काकांनी त्या रेघांच्या कागदाकडे पाहिलं. ते म्हणाले, "म्हणजे आमच्या लग्नाच्याही आधी?"

"हो, अर्थात."

"मग ते माझ्यामुळे नाही," काका म्हणाले, आणि इस्पितळात आल्यापासून मावशी पहिल्यांदा हसली.

डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. गुंता आहे तसाच राहू दिला, तर त्यातून रक्तस्राव होण्याची थोडी शक्यता दरवर्षी असते. उद्या होईल असं नाही, आणि कधीच होणार नाही असंही कोणी सांगू शकत नाही. कवटी उघडून गुंता काढता येतो, पण तो बसलाय मेंदूच्या नजर सांभाळणाऱ्या भागात. काढताना अर्धी नजर जायची भीती. तिसरा मार्ग किरणांचा. सुरी नाही, टाके नाहीत. किरणांमुळे त्या वेड्या नळ्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, अस्तर जाड होत जातं आणि हळूहळू नळी आतून मिटते.

"हळूहळू म्हणजे?"

"दोन वर्षं. तीनही लागतात. तोवर रक्तस्रावाची भीती आहे तशीच."

मावशीने मान हलवली. "आज लावायचा आणि तीन वर्षांनी वाळणार. असा रंग नाही बाई पाहिला कधी."

मग त्यांनी त्रासाचंही सांगितलं. सुरुवातीला डोकं दुखेल, मळमळेल. केस थोडे जातील. खरी काळजी नंतरची. सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी त्याहून उशिरा, किरण पडलेल्या जागेभोवती सूज येऊ शकते. सगळ्यांना येत नाही. आली तर बहुतेकांची उतरते. पण काहींची नजर, काहींची ताकद थोडी कायमची जाते. झटके वाढू शकतात. आणि फार थोड्यांना पुष्कळ वर्षांनी त्या जागी पाण्याची गाठ होते, म्हणून मध्ये मध्ये फोटो काढत राहायचे.

मावशीने ऐकून घेतलं. "किरण जाताना बाकीचा मेंदू भाजत नाही?" तिने विचारलं. त्यावर डॉक्टरीणबाई आम्हांला बाजूच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथं किरणांचा हिशेब करणारा एक दाढीवाला माणूस बसला होता. त्याने पडद्यावर मावशीचं डोकं फिरवून दाखवलं. चहूबाजूंनी बारीक बारीक किरण आत शिरत होते, सगळ्या बाजूंनी वेगवेगळ्या वाटांनी. "यातला एकेक किरण इतका हलका आहे, की वाटेतल्या मेंदूला त्याचं फारसं काही वाटत नाही," तो म्हणाला. "ते सगळे जिथं भेटतात, फक्त तिथंच काम होतं." त्याने त्या भेटीच्या जागेवर बोट ठेवलं. मावशी खुर्ची पुढे ओढून बघत राहिली. दाढीवाला आपलं काम सोडून तिच्याकडे बघत होता. एवढं मन लावून ते चित्र बघणारं कोणी त्याला बहुधा भेटत नसावं.

"करू या," मावशी म्हणाली.

किरण द्यायच्या दिवशी सकाळी तिच्या डोक्याला एक धातूची चौकट बसवली. कातडी बधिर करून चार बाजूंनी स्क्रू पिळले. डोकं केसभरही हलू नये म्हणून. काका पहिल्या स्क्रूलाच बाहेर गेले. मी थांबले. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुखण्यापेक्षा दाबाने, असं ती म्हणाली. नर्सने आरसा दाखवला तेव्हा तिने त्यात बराच वेळ बघून घेतलं. "चांगली परांची बांधलीत की माझ्या डोक्याला," ती म्हणाली. "आता रंगाऱ्याला बोलवा."

फोटो झाले, हिशेब झाला, आणि ती चाकाच्या पलंगावरून यंत्राच्या खोलीत गेली. जाड दार बंद झालं. आम्ही काचेपलीकडच्या पडद्यावर तिचे पाय बघत होतो. एकदा तिने अंगठा हलवला, तेवढंच. आवाज नाही, उजेड नाही, कोणी धावपळ करत नाही. मी मनात काहीतरी प्रचंड धरून बसले होते आणि समोर फक्त एक बाई पांघरूण घेऊन पडलेली.

बाहेर आली तेव्हा तिने विचारलं, "कधी सुरू करणार?"

"झालं," नर्स म्हणाली.

घरी येताना मावशी गाडीत स्क्रूच्या जागा चाचपत राहिली. जिन्यात शेवटच्या वळणावर दम खायला थांबली तेव्हा म्हणाली, "माझ्या डोक्यातून आरपार गेलं गं सगळं. आणि मला कळलंसुद्धा नाही."

पुढचे काही दिवस स्क्रूच्या जागा ठणकल्या, पापण्या सुजल्या, एक दिवस उलट्या झाल्या. काही आठवड्यांनी उशीवर केस दिसायला लागले आणि मानेच्या वर एक गोल चकती मोकळी झाली. काका म्हणाले, "आता आपण दोघं सारखे." त्यांना वरून टक्कल होतं. ते केसही पुढे परत आले, थोडे कुरळे. बस, एवढंच. तिला झटक्यांच्या गोळ्या होत्या, शिडी बंद होती आणि स्कूटर बंद होती. स्कूटरचं तिला फार लागलं. शिडीवर मात्र तिने उपाय काढला. लांब दांडीचा रोलर घेऊन ती जमिनीवरून छत रंगवायला लागली. भिंत आणि छत भेटतात ती कड ब्रशने जवळूनच काढावी लागते, तेवढ्यासाठी मी वर चढायचे आणि ती खालून मला सूचना द्यायची. कामं पुन्हा सुरू झाली. आम्हांला वाटलं, निभावलं.

उन्हाळा संपत आला होता. निवृत्त झालेल्या एका जोडप्याचं घर आम्ही रंगवत होतो. मी आतल्या खोलीत होते, तर मालकीणबाई दारात येऊन थांबल्या. "रागावू नका," त्या म्हणाल्या, "पण पुढच्या खोलीचा एक कोपरा राहिलाय का?"

मी जाऊन पाहिलं. दारातून आत बघितलं की छताचा पलीकडचा डावा कोपरा जुनाच होता, पिवळट, धुराचा. बाकी छत स्वच्छ पांढरं. मावशीकडून असं कधी राहिलं नव्हतं. मी तशीच शेजारच्या खोलीत गेले. तिथंही पलीकडचा डावा कोपरा. स्वयंपाकघरातही. तिन्ही ठिकाणी रंग एकाच बाजूला येऊन थांबला होता.

"मावशी, हे राहिलंय," मी म्हटलं.

ती दारात उभी राहिली, छताकडे पाहिलं. "कुठं राहिलंय? पांढरं आहे की सगळं."

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण तिचा चेहरा साधा होता. काकांनी हातातला ब्रश खाली ठेवला. ते तिच्या समोर आले. म्हणाले, "माझ्या नाकाकडे बघ. नाकाकडेच." आणि तिच्या डाव्या बाजूला, डोक्याच्या वर, हात उंच करून बोटं हलवली. "माझा हात कुठंय?"

"खिशात असेल."

काका हात हळूहळू खाली आणत गेले. खांद्याच्या खाली आल्यावर ती एकदम दचकली. "हा कुठून आला?"

मालकीणबाईंनी तिला खुर्ची आणून दिली. मग मावशीने स्वतःच मान वर-डावीकडे वळवली, आणि तो पिवळट कोपरा तिच्या समोर आला. ती त्याच्याकडे बघत बसली. मान सरळ केली, कोपरा गेला. वळवली, आला. "अगं, पण काळं नाही काही तिथं," ती म्हणाली. "भोक नाही. पांढरं छत दिसतंय मला. चांगलं रंगवलेलं."

मी तिला घेऊन त्याच दुपारी इस्पितळात गेले. काका मागे थांबले, कारण काम उद्यावर टाकणं शक्य नव्हतं. मालकांचं सामान सकाळी यायचं होतं. आम्ही संध्याकाळी परत आलो तेव्हा तिन्ही कोपरे पांढरे होते. मी काकांना विचारलं, मजूर मिळाला का?

"मीच चढलो," काका म्हणाले.

"तुम्ही?" मावशीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अहो, कसे काय?"

"चढलो डोळे मिटून. रंग डोळे उघडून लावला." त्यांच्या कपाळावर रंगाचे थेंब तसेच होते. "उतरताना काय केलं ते विचारू नको."

सूज आली होती. फोटोत गुंत्याभोवती फिकट ढगासारखी दिसत होती. डॉक्टरीणबाईंनी नजर तपासायला पाठवलं. एका वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची, आणि कुठंही बारीक दिवा लागला की बटण दाबायचं. निकालाच्या कागदावर नजरेचा गोल छापून आला. त्याचा वरचा डावा चतकोर काळा होता.

"हे काळं मला काळं दिसत नाही," मावशी म्हणाली. तिचा तोच हट्ट होता.

"मग काय दिसतं?"

मावशीने समोर पाहिलं. "तुमची भिंत दिसते. पोपटी."

"तिथून काहीच येत नाही तुमच्या मेंदूकडे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मेंदूला मोकळी जागा खपत नाही. आजूबाजूला काय आहे ते बघतो आणि तेच तिथं भरतो. म्हणून कित्येकांना नजर गेल्याचं कळतच नाही. दाराच्या चौकटीला डोकं आपटतं तेव्हा कळतं."

बाहेर बाकावर औषधांची वाट बघत बसलो होतो तेव्हा मावशी मला म्हणाली, "तुला माहितीये ना, डागाला रंग लावला तर कधी जुळतो का?" मला माहीत होतं. डबा तोच, शेड तीच, ब्रश तोच. तरी वाळल्यावर डाग उठून दिसतो. कोणत्याही रंगाऱ्याला विचारा. शेवटी अख्खी भिंत पुन्हा करावी लागते. "तीस वर्षं मला ते जमलं नाही," मावशी म्हणाली. "आणि हे माझ्याच डोक्यात, मला न विचारता, एका क्षणात. मान हलवली की पुन्हा नवा. सांधा नाही, रेघ नाही." तिने तळहात कपाळावर ठेवला. भ्यायलेल्या माणसासारखी नव्हती ती. आपल्या घरात कोणी थोर पाहुणा बिनबोभाट राहत होता हे आज कळावं, तसा तिचा चेहरा झाला होता.

पण पुढचे महिने थोरबीर काही नव्हते. सूज उतरवायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांनी मावशीला धरून हलवलं. भूक अशी लागायची की ती उभ्याउभ्या उकडलेले बटाटे खायची. चेहरा भरून गोल झाला, डोळे बारीक झाले. आरशात बघून म्हणायची, "ही कोण बाई? हिला सांगा, मावशी घरी नाही." पहाटेच उठून भांडी घासलेली असायची, कपाटं आवरलेली असायची. शर्टाचं बटण तुटलं म्हणून रडली. काकांनी चहाचा कप जोरात ठेवला म्हणून त्यांच्यावर इतकी ओरडली की शेजारी दार उघडून बघून गेले, आणि पाच मिनिटांनी त्यांच्याच शेजारी बसून त्यांचा हात धरला. मांड्यांतली ताकद गेली. खालच्या खुर्चीतून तिला उठता येईना. घोड्यावर एका उडीत चढणारी बाई. काका दोन्ही हात पुढे करायचे, ती धरायची, आणि "चला, उचला पोतं," म्हणत उभी राहायची. डोकं सकाळी दुखायचं. दोनदा झटके येऊन गेले.

आणि त्या मोकळ्या चतकोरात तिला कधीकधी चित्रं दिसायची. आधीच्या लुकलुकत्या दिव्यांसारखी नाहीत. बारीक चौकटी, विणकामासारख्या, रंग इतके स्वच्छ की तसे डब्यात मिळत नाहीत, असं ती म्हणायची. पहिल्यांदा ती घाबरली. डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी झटक्यांची तपासणी करून घेतली आणि सांगितलं की हे त्यातलं नाही. नजरेचा तो भाग रिकामा बसलाय, म्हणून स्वतःच काहीतरी विणतोय. वेड लागलेलं नाही. तेव्हापासून ती चित्रं आली की मावशी हातातलं काम थांबवून बघायची. मी विचारायचे, आज काय? "आज निळं," ती सांगायची. "निळ्यात निळं. थांब, बोलू नको."

पुढच्या फोटोत सूज कमी व्हायच्या ऐवजी वाढली होती. तो दिवस मी विसरणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थांबू या. शरीर आतून त्या जागेशी भांडतंय. भांडण संपायला वेळ लागतो." गोळ्या आणखी चालू राहिल्या. काकांनी त्या दिवसापासून छतं स्वतःकडे घेतली. त्यांची भीती गेली नाही. रोज तिसऱ्या पायरीवर ते थांबायचे, श्वास घ्यायचे, आणि चढायचे. पायथ्याशी मावशी स्टुलावर बसून असायची. "उजवीकडे रेघ राहिली," ती म्हणायची. काका वरून म्हणायचे, "मला खाली बघायला सांगू नको." त्यांच्या छतांवर रेघा दिसायच्या. गिऱ्हाईक काही म्हणालं नाही, आणि नवल म्हणजे मावशीही म्हणाली नाही.

मग हिवाळ्यात केव्हातरी ढग विरायला लागला. आधी फोटोत, मग तिच्यात. गोळ्या एकदम थांबवता येत नाहीत, थोड्या थोड्या कमी कराव्या लागतात. तशा त्या उतरत गेल्या. चेहरा परत आला. एक दिवस ती खालच्या खुर्चीतून कोणाचा हात न धरता उठली आणि स्वयंपाकघरात निघून गेली, आणि काका पुढे केलेले हात तसेच धरून उभे राहिले. नजर पुन्हा तपासली. काळ्या चतकोराच्या कडा मागे सरकल्या होत्या. पण सगळा गेला नाही. वरच्या डाव्या बाजूला पाचरीएवढा तुकडा राहिला, तो आता राहणारच, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. स्कूटर कायमची गेली. झटक्यांच्या गोळ्या चालूच राहिल्या. मावशीने मान फिरवायची सवय लावून घेतली. खोलीत शिरलं की आधी डावीकडे वर. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे. तिला न ओळखणाऱ्याला वाटायचं, बाई कुणाला तरी शोधतेय.

तिसऱ्या वर्षी शेवटची मोठी तपासणी झाली. मांडीतून बारीक नळी वर सोडून रक्तात औषध सोडतात आणि ते मेंदूतून वाहताना त्याचे फोटो घेतात. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हां तिघांना बोलावलं आणि पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली.

जुन्या चित्रात तो गुंता होता. मी तो तेव्हाही पाहिला होता, पण घाबरलेल्या डोळ्यांनी. काळ्या जाड नळ्या एकमेकींवर चढलेल्या, आणि त्यातून एक फुगलेली शीर बाहेर निघालेली. नव्या चित्रात तिथं काही नव्हतं. भोवतीच्या रक्तवाहिन्या पानाच्या शिरांसारख्या बारीक होत होत गेल्या होत्या. ज्या त्या गुंत्यात जायच्या, त्या पुन्हा आपल्या मापाच्या झाल्या होत्या. फुगलेली शीर कुठली होती ते बोटाने दाखवल्याशिवाय कळत नव्हतं.

"हे बंद झालं?" काकांनी विचारलं.

"पूर्ण."

मावशी उठून पडद्याजवळ गेली. तिने आधी मान डावीकडे वर फिरवून सगळं चित्र डोळ्यांत घेतलं, मग बोट टेकवलं. "हे कोणी केलं?" ती म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी तासभर काहीतरी केलंत, ते मला माहिती आहे. पण त्यानंतर? मी झोपले होते, जेवत होते, यांच्याशी भांडत होते. तेव्हा हे कोण बंद करत होतं?"

"तुम्हीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आम्ही नुसती ठिणगी टाकली. एकेक नळी तुमच्या शरीराने आतून मिटवली." त्या थांबल्या. "पुष्कळ वर्षं करतेय मी हे काम. पण अशी दोन चित्रं शेजारी ठेवली, की मलाही क्षणभर बोलवत नाही."

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी एका संध्याकाळी आम्ही काम आटोपून पायीच घरी येत होतो. रंगाचे डबे माझ्याकडे, दांडीचा रोलर काकांच्या खांद्यावर. घरांच्या वर चंद्र आला होता, पूर्ण नाही, पण मोठा. रस्त्याच्या कडेला मावशी एकदम थांबली. मला वाटलं, पुन्हा काही झालं. मी डबे खाली ठेवले.

ती चंद्राकडे बघत होती. मग तिने नजर किंचित खाली आणली आणि उजवीकडे, समोरच्या घराच्या पन्हाळीवर. "गेला," ती म्हणाली. पुन्हा वर. "आला." पुन्हा पन्हाळीवर. "गेला."

"काय गेलं?" काकांनी विचारलं.

"चंद्र. अहो, एवढा चंद्र. आणि मागे काही नाही. खड्डा नाही, काळं नाही. आकाश आहे नुसतं, आणि त्याच रंगाचं." तिने काकांच्या दंडाला धरून त्यांना आपल्या जागी उभं केलं. "तुम्ही बघा. तिथं, पन्हाळीकडे बघा. गेला का?"

काकांनी पन्हाळीकडे पाहिलं. "मला दिसतोय," ते म्हणाले. "बाजूला दिसतोय थोडा."

"तुम्हांला नाही जमायचं," मावशी म्हणाली, जरा दयेनेच. मग ती पुन्हा आपल्या जागी आली, मान मागे टाकली, आणि आम्ही रोलर आणि डबे घेऊन तिच्या शेजारी उभे राहिलो. येणारीजाणारी माणसं आमच्याकडे बघून वर बघत होती. ती हळू आवाजात स्वतःशीच म्हणत होती, आहे, नाही, आहे.